सबनीसांची लाल अक्षरं

शरच्चंद्र सबनीस रोज सकाळी मुलीला फोनवर सांगत, "सर्व ठीक." या दोन शब्दांपलीकडे त्यांनी तीन वर्षांत विशेष काही सांगितलं नव्हतं. मधल्या काळात एकदा गॅलरीचा पत्रा वाऱ्याने उडून जिन्यात आला होता, एकदा अख्ख्या चाळीचं पाणी गेलं होतं आणि एकदा त्यांना स्वतःला चांगला सणसणीत ताप होता. फोनवर मात्र सर्व ठीक. वडाळ्याच्या एकोणिसाव्या मजल्यावरून इरावती विचारायची, "जेवलात?" सर्व ठीक. "गोळ्या घेतल्यात?" सर्व ठीक. एकदा तिने वैतागून विचारलं, "बाबा, तिकडे आग लागली आहे का?" पलीकडे थोडा वेळ शांतता. बहुधा त्यांनी वळून पाहिलं असावं. मग उत्तर आलं, "नाही. म्हणजे सर्व ठीक."

त्यामागे एक करार होता.

पत्नी मृणालिनीबाई होत्या तोवर शरच्चंद्ररावांविषयीची माहिती बाहेर पुरवणं हे खातं त्यांच्याकडे होतं. त्यांचं ब्लडप्रेशर, त्यांचा गुडघा, डॉक्टरांनी बंद केलेलं फरसाण त्यांनी कुठे उभं राहून खाल्लं, सगळं इरावतीला दुपारच्या आत कळायचं. बाई गेल्या आणि ते खातं बंद पडलं. तेव्हा इरावतीने वडाळ्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली तयार केली. न्हाणीघरात धरायला दांडा, पलंगाशेजारी घंटेचं बटण, खिडकीतून लांबवर मिठागरं. शरच्चंद्रराव गेले, त्यांनी दांडा धरून पाहिला, घंटा वाजवून पाहिली, "छान आहे," म्हणाले आणि गिरगावला परत आले.

बऱ्याच वादावादीनंतर ठरलं ते असं. बाबांनी गिरगावात एकटं राहायला हरकत नाही. पण एकदा जरी काही झालं, म्हणजे पडले, चक्कर आली, गॅस चालू राहिला, तर त्याच दिवशी बॅग भरायची आणि वडाळा. त्यावर चर्चा नाही. दोघांनी मान्य केलं. अट घालणारी मुलगी संगणकाच्या भाषा तयार करण्याच्या धंद्यात होती, आणि मान्य करणारे वडील एका सरकारी खात्याच्या तक्रार कक्षात उत्तरं लिहिता लिहिता निवृत्त झाले होते. तेव्हा या अटीतली खोट दोघांपैकी कुणाला तरी पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती. नाही दिसली.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी इरावती लॅपटॉप घेऊन गिरगावला आली आणि पोहे खाता खाता म्हणाली, "बाबा, एक काम आहे. नाही म्हणू नका."

"नाही म्हणण्याच्या आधी फाईल बघावी लागते," शरच्चंद्रराव म्हणाले.

काम असं होतं. इरावती आणि तिच्या लोअर परळच्या ऑफिसातला संघर्ष नावाचा सहकारी, दोघांनी मिळून मुलांसाठी एक भाषा बनवली होती. तिचं नाव खडू. मराठी शब्दांत आज्ञा लिहायच्या आणि पडद्यावर चित्र काढायचं: रेघ ओढ, गोल काढ, रंग भर. दर शनिवारी परळच्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये ते मुलांना शिकवत. सगळं मराठीत झालं होतं, एक गोष्ट सोडून.

"चूक झाली की ती इंग्रजीत ओरडते," इरावती म्हणाली.

"चांगल्या घरातली दिसते."

"बाबा, ऐका ना. ही लिहिण्यातली चूक नाही. ती आधीच पकडली जाते. ही चालता चालता होणारी. वाक्य बरोबर, सगळं बरोबर, काम सुरू झालं आणि मध्येच अडलं. समजा, पाच जणांची रांग आहे आणि कुणीतरी सातव्याला पुढे बोलावलं."

"सातवा नाहीच."

"नाहीच. मग यंत्राने काय म्हणायचं? ते तुम्ही लिहायचं. लाल अक्षरांत येईल ते."

"म्हणजे आलेल्या तक्रारीला उत्तर."

"हो, तसंच काहीतरी," इरावती म्हणाली. इथे तिचं चुकलं.

शरच्चंद्ररावांनी काम मनावर घेतलं. बाई गेल्यानंतर प्रथमच त्यांचा टेबललॅम्प दुपारी लागला. पुढच्या रविवारी त्यांनी सगळे संदेश नीट टाइप करून ठेवले होते आणि इरावतीने ते वाचता वाचता पोह्यांचा चमचा खाली ठेवला. शून्याने भागलं तर यंत्र म्हणणार होतं: "विभाजक शून्य असल्याचे निदर्शनास आल्याने प्रस्तुत भागाकाराबाबत या स्तरावर कोणतीही कार्यवाही करणे शक्य होणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी." रांगेतल्या सातव्यासाठी: "मागणी केलेला घटक अभिलेखात आढळून येत नाही. तथापि शोध सुरू आहे."

"शोध सुरू नाहीये, बाबा."

"नसतोच. पण ऐकायला बरं वाटतं."

एखादं काम फिरून फिरून स्वतःकडेच येत राहिलं आणि शेवटी यंत्राचा जीव गुदमरला, तर त्याला त्यांनी काहीच नवीन लिहिलं नव्हतं. खात्यातलं एक जुनंच उत्तर होतं तसं घातलं होतं. "हे तर आमच्याकडे रोजचं," ते म्हणाले. आणि ज्या चुकीचं कारण सापडणारच नाही तिच्यासाठी होतं, "अपरिहार्य कारणास्तव."

"कुठल्या कारणास्तव?"

"अपरिहार्य."

"अहो, पण ते काय आहे ते मुलाला कळायला नको?"

"कारण कळू द्यायचं नसतं तेव्हाच हा शब्द वापरतात, इरा. तीस वर्षांत त्याच्यावर उलट टपाल आलं नाही."

इरावतीने वडिलांचं मन मोडायला नको म्हणून त्यातले थोडे संदेश तसेच्या तसे खडूत घातले आणि शनिवारी परळला नेले. तिथे मनवा नावाची चौथीतली एक मुलगी झाड काढत होती. तिच्या झाडाला लाल अक्षरं लागली. तिने ती दोनदा वाचली, उठली, चपला घातल्या आणि हॉलच्या बाहेर गेली. ती वस्तीतून आईला बोलावून घेऊन आली. आई पिठाचे हात पदराला पुसत म्हणाली, "सही कुठं करायची?" अशा मराठीतला प्रत्येक कागद त्या घरात आजवर पालकाची सही मागायलाच आला होता.

हे ऐकल्यावर शरच्चंद्ररावांनी आपले टाइप केलेले कागद उलटे करून ठेवले. मग म्हणाले, "आई चिडली होती का?"

"नाही. संघर्षने चहा पाजला. पण मुलीला वाटलं, आपण काहीतरी मोडलं."

"मग सांग कसं हवं ते. नीट सांग. मी काय खडूचा बाप नाही."

तेव्हा इरावतीने पहिल्यांदा त्यांना नीट समजावून सांगितलं. चूक म्हणजे नुसता आरडाओरडा नाही, खडूच्या दृष्टीने ती एक वस्तू आहे, बंद पाकिटासारखी. ज्या ठिकाणी काम अडतं तिथे हे पाकीट तयार होतं. त्यात काय अडलं ते असतं, कुठल्या ओळीवर ते असतं, त्या क्षणी हातात काय होतं ते असतं. मग ज्याने ते काम सांगितलं त्याच्याकडे पाकीट जातं. त्याला निस्तरता आलं तर ठीक, नाही तर तो आपलं नाव त्यावर घालून वरच्याकडे देतो. असं वर वर जात शेवटी मुलासमोर उघडतं.

शरच्चंद्ररावांचा चेहरा उजळला. "म्हणजे फाईल! कुठल्या टेबलावरून निघाली, कुणी वर पाठवली, सगळ्यांच्या सह्यांसकट!"

"अगदी."

"हे आधी का नाही बोललीस? आमच्याकडे तर पाकीट उघडायच्या आधी त्यातून ओळ क्रमांक काढून घ्यायची पद्धत होती. कुणावर यायला नको म्हणून."

"इथे कुणावर तरी आलं तरी चालतं, बाबा. चूक आहे, गुन्हा नाही."

यावर ते काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी पोहे वाढून घेतले.

त्यांची नवी वाक्यं हळूहळू येऊ लागली. पहिल्यांदा 'सदर' गेलं, मग 'तथापि' गेलं. 'निदर्शनास' जाताना त्रास झाला. फोनवर सकाळी सर्व ठीक सांगून झालं की ते वाचून दाखवायचे, "ऐक. 'रांगेत पाच जण आहेत. तू सातव्याला बोलावलंस.' कसं वाटतं?"

"मस्त. एक नंबर."

"उद्धट नाही ना वाटत? 'बोलावलंस' म्हणजे बोट दाखवल्यासारखं..."

"बोट दाखवायचंच आहे. फक्त डोळ्यात घालायचं नाही."

असं चाललं असताना एका मंगळवारी सकाळी शरच्चंद्रराव पलंगावरून उठले आणि खाली पडले. कपाटाची कड कपाळाला लागली. शेजारच्या सीमावहिनींनी आवाज ऐकला, धावत आल्या, रक्त पुसलं आणि घरात होती ती पट्टी लावली. ती त्यांच्या नातवाची असल्यामुळे तिच्यावर अस्वलं होती.

"इराला फोन करते," वहिनी म्हणाल्या.

"काही नको."

"अहो, काका—"

"वहिनी, मी गेलो की ही खोली बंद राहील. बंद खोलीतली झुरळं तुमच्याकडे येतील. विचार करा."

वहिनींनी विचार केला. त्याच वेळी फोन वाजला आणि शरच्चंद्ररावांनी दोन शब्दांत काय ते सांगितलं.

शनिवारी परळला नव्या संदेशांची परीक्षा होती आणि त्यांनी तिथे यायचं ठरलेलं होतं. ते आले. मे महिन्याच्या भर दुपारी कानटोपी घालून आले.

"हे काय?" इरावती म्हणाली.

"एसी असेल म्हणून."

संघर्षने वर बघितलं. ज्या हॉलमध्ये बसून त्याने स्वतः दहावीचा अभ्यास केला होता तिथे एकच पंखा होता, आणि तोही मघाशी त्यानेच स्टुलावर चढून पट्टीने ढकलून सुरू करून दिला होता. "एसी नाय, काका," तो म्हणाला. "पण तुम्ही बसा बिनधास्त. तुमच्या लाल अक्षरांची पोरं जाम वाट बघतायत."

पोरं खरंच खुशीत होती. एकाच्या पडद्यावर संदेश आला, त्याने तो मोठ्याने वाचला, "अरे हां!" म्हणाला आणि आकडा बदलला. दुसऱ्याने मुद्दाम शून्याने भागून बघितलं, काका काय म्हणतात ते बघायला. शरच्चंद्रराव टोपीखाली घाम गाळत समाधानाने फिरत होते. फक्त मनवाच्या पडद्यावर लाल काही नव्हतं. तिच्या पडद्यावर घर होतं, झाड होतं, कोपऱ्यात सूर्य होता. घराला छप्पर नव्हतं.

इरावती तिच्या शेजारी वाकली आणि तिने लिहिलेलं वाचलं. सगळ्यात वरची ओळ होती: "चुकलं तर: गप्प."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"मीच."

"का गं पण?"

"मग लाल येत नाही ना, ताई."

"पण छप्पर कुठाय तुझ्या घराचं?"

"आलंच नाही."

"का नाही आलं?"

मनवाने खांदे उडवले.

"बघितलंत?" इरावती वडिलांकडे वळली. "रेघेची लांबी द्यायची तिथे हिने 'लाल' असा रंग दिलाय. ही ओळ नसती तर तुमचं वाक्य आलं असतं, तिला एका मिनिटात कळलं असतं. तिने चुकीचं जन्मतानाच तोंड दाबून टाकलं."

शरच्चंद्रराव गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली बसले. "मनवा, लाल आलं की काय होतं गं?"

"सगळं जातं."

"सगळं म्हणजे?"

"घर. झाड. सूर्य पण. पांढरं होतं सगळं. मग पहिल्यापासून काढायचं."

"आणि गप्प लिहिलं की?"

"छप्पर येत नाही. बाकी राहतं." तिने पडद्याकडे बघितलं. "बाकी छान आहे ना पण?"

"फारच छान आहे," शरच्चंद्रराव म्हणाले आणि टेबलाला धरून उठले. "तिचं बरोबर आहे, इरा."

"बरोबर? बाबा, चूक गिळली म्हणून संपत नाही. ती आत राहते आणि नंतर कुठेतरी भलतीकडे—"

"ते मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. आपल्या घराला छप्पर नाही हे तिला दिसत नाही असं वाटतं का तुला? रोज दिसतं. पण एका छपरापायी तू सूर्यासकट सगळं घर काढून घेणार असशील तर ती सांगेल कशाला? तू कितीही गोड शब्दांत विचार. मी तर नसतंच सांगितलं."

शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून अपेक्षेपेक्षा मोठ्याने आलं. संघर्षने एकाच्या लॅपटॉपची वायर तपासायला घेतली. तिला काही झालेलं नव्हतं.

इरावती वडिलांकडे बघत राहिली. कानटोपीच्या कडेने घामाची धार उतरली होती, आणि एका बाजूला टोपी जरा जास्त फुगली होती.

"टोपी काढा, बाबा."

"अगं, एसी—"

"बाबा."

त्यांनी टोपी काढली. मनवाने अस्वलं मोजायला सुरुवात केली, मग थांबून विचारलं, "दुखतं?"

"आता नाही," शरच्चंद्रराव म्हणाले.

इरावतीने संघर्षला "पुढचं तू बघ" म्हटलं, बाहेर येऊन काळी-पिवळी टॅक्सी थांबवली आणि वडिलांना आधी बसवलं. लालबागच्या सिग्नलपर्यंत दोघंही आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते.

"केव्हा?" तिने विचारलं.

"मंगळवारी."

"मंगळवारी मी फोन केला होता."

"केला होतास."

"कसे पडलात?"

"उठलो, आणि मग पडलो."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी झोपलो होतो."

"बाबा, त्याच्या आधी कधी असं झालं होतं का?"

सिग्नल सुटला. "दोनदा," ते म्हणाले. "पण त्याला पडणं म्हणता येणार नाही. मी अचानक बसलो. एकदा पलंगावर आणि एकदा, योगायोगाने, जमिनीवर."

इरावतीने डोळे मिटले. ती चिडली होती, पण रागाखाली दुसरंच काहीतरी होतं. "आणि एवढं होऊन तुम्ही कुणाला म्हणून सांगितलं नाहीत."

"सांगितलं की."

"कुणाला? सीमावहिनींना?"

"तुझ्या आईला."

टॅक्सीवाल्याने आरशातून एकदा मागे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघितलं.

"सकाळी चहा टाकतो ना, तेव्हा सांगतो," शरच्चंद्रराव खिडकीबाहेर बघतच म्हणाले. "पहिल्यापासून सवय आहे. झोप कशी लागली, गुडघा काय म्हणतो, चक्कर आली तर चक्कर. मोठ्याने सांगतो, काही हातचं राखत नाही. तुझा फोन येतो तेव्हा ते सगळं सांगून झालेलं असतं. मग तुझ्यासाठी उरतं ते सर्व ठीक."

"आई काय करणार त्याला, बाबा?"

"काही नाही. पण ती बॅग भर म्हणत नाही."

इरावतीने त्यांचा हात धरला. तो हात तिच्या आठवणीतल्यापेक्षा हलका होता.

"आणि वडाळ्याला मी तिच्याशी बोलू कसा?" ते म्हणाले. "तिथे सकाळी अवधूत घरात असतो. भला माणूस आहे तुझा नवरा. ओ देईल."

ती हसली, आणि हसताना जे व्हायला नको होतं ते झालं. तिला पर्समध्ये रुमाल सापडेना. शरच्चंद्ररावांनी कानटोपी पुढे केली. तिने टोपीनेच डोळे पुसले.

गिरगावच्या डॉक्टरांनी आडवं झोपवून ब्लडप्रेशर बघितलं, मग उभं करून बघितलं आणि तोंडाने च्च च्च केलं. वजन उतरलं होतं आणि गोळी जुन्याच वजनाची चालली होती. त्यांनी गोळी अर्धी केली, उठताना आधी पलंगावर थोडं बसून राहायला सांगितलं आणि अस्वलांची पट्टी बदलून साधी लावली. "पहिल्या वेळेलाच आला असतात तर ही लागलीच नसती," ते म्हणाले. बाप आणि लेक दोघंही भिंतीवरच्या तक्त्यातलं हृदय बघत राहिले.

घरी आल्यावर इरावतीने चहा केला. बॅग कपाटावर होती. दोघांनीही एकेकदा तिच्याकडे बघून घेतलं. शरच्चंद्रराव करार पाळणारे होते. चहा संपल्यावर ते म्हणाले, "स्टूल देऊ? तुझा हात पोचणार नाही."

"बसा हो तुम्ही."

"ठरलं होतं ते ठरलं होतं."

"जे ठरलं होतं ते चुकीचं होतं," इरावती म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं होतं, काहीही झालं तर मला सांगा. आणि सांगितलंत तर तुमचं सगळं काढून घेईन. हे मीच बोलले होते. ऐकताना किती प्रेमळ वाटत होतं."

"होतंच प्रेमळ."

"तुम्ही आता सांगायचं. झालं ते, झालं तसं. मी ऐकणार. ऐकल्याबरोबर वडाळ्याचं नाव काढणार नाही."

"आणि कधी काढावं लागलं तर?"

"तर तुमच्याशी बसून बोलून. एका रात्रीत सगळं पुसणार नाही. पण बाबा, त्यासाठी मला कळायला हवं. मला आईसारखं न सांगता कळत नाही."

शरच्चंद्रराव कप हातात फिरवत राहिले. "तिलाही कळत नसे," ते म्हणाले. "ती विचारत बसायची."

त्या आठवड्यात लोअर परळला इरावती आणि संघर्षने खडू उघडून आत बरीच मोडतोड केली. आता काम अडलं की खडू पडदा पुसणार नव्हती. झालेलं चित्र जागेवर राहणार, अडलेली ओळ तेवढी लाल होणार, आणि नीट केल्यावर तिथूनच पुढे चालू. संघर्ष म्हणाला, "साधी गोष्ट होती, मॅडम. आपल्याला आधी का नाय सुचली?" इरावती म्हणाली, "चूक कशी दाखवायची तेच बघत बसलो आपण. सूर्याचं काय होतं हे कुणी विचारलंच नाही." शरच्चंद्ररावांनी त्याप्रमाणे सगळे संदेश पुन्हा लिहिले. मनवाच्या चुकीचा असा झाला: "छपराची रेघ किती लांब हवी ते आकड्यात सांग. इथे 'लाल' लिहिलं आहे. बाकीचं घर जागेवर आहे." ते शेवटचं वाक्य त्यांनी प्रत्येक संदेशाला काही ना काही फरकाने जोडलं होतं. रेघ, गोल, रांग, भागाकार, कशालाही. इरावतीला तांत्रिकदृष्ट्या ते अनावश्यक वाटलं. तिने एकही खोडलं नाही.

शनिवारी मनवाने वरची ओळ स्वतःहून काढून टाकली. छप्पर लाल आलं, थोडं तिरकं.

सोमवारी सकाळी इरावतीने नेहमीप्रमाणे फोन लावला.

"हॅलो, बाबा. कसे आहात?"

"सर्व—" पलीकडे शब्द थांबला. घसा खाकरल्याचा आवाज आला. "आज सकाळी उठण्याच्या सुमारास सौम्य स्वरूपाची चक्कर आल्याचे—"

"बाबा, मराठीत."

"चक्कर आली," शरच्चंद्रराव म्हणाले. "थोडी. बसलो होतो ना डॉक्टर म्हणाले तसा, पण मग सीमावहिनींच्या कुकरची शिट्टी झाली आणि मी उगाच घाईने उठलो. आपल्या घरात कुकर नाहीच लावलेला. पलंगाचा खांब धरला. पडलो नाही."

इरावती ऑफिसला निघण्यासाठी चपला घालत होती. एक चप्पल पायात होती. 'मी निघाले, तुम्ही तयार राहा' हे वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, वर्षानुवर्षं पाठ असल्यासारखं. तिने ते तिथेच धरून ठेवलं. पलीकडे शरच्चंद्ररावही श्वास धरून थांबले होते. ते तिला फोनवर ऐकू येत होतं.

"मग?" ती म्हणाली.

"मग परत बसलो."

"आता?"

"आता उभा आहे. चहा टाकलाय. तुझ्या आईला आधी नाही सांगितलं, तुझ्याशी बोलून झाल्यावर सांगेन."

"बरं," इरावती म्हणाली. "डॉक्टरांना मी दुपारी विचारते, आणखी काही बदलायचंय का ते. उद्या कुकरच्या शिट्टीला उठू नका."

"बरं."

तिला वाटलं, ते फोन ठेवतील. एरवी इथवर येण्याच्या खूप आधी ठेवलेला असायचा. पण पलीकडे चहा उकळत असल्याचा आवाज येत राहिला, मग खुर्ची ओढल्याचा.

"आणखी एक आहे," शरच्चंद्रराव म्हणाले.

"सांगा ना."

"हे डॉक्टरचं नाही."

"सांगा."

"संध्याकाळी करमत नाही, इरा. दिवसभर ठीक असतं. दिवे लागले की करमत नाही."

इरावतीने पायातली चप्पल काढली आणि दाराशीच जमिनीवर बसली. तीन वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही जेवण आणि गोळ्या सोडून दुसरं काही विचारलं नव्हतं.

"आज संध्याकाळी येऊ?" तिने विचारलं.

"बॅग भरायला?"

"नाही. बसायला."

"ये," शरच्चंद्रराव म्हणाले. "येताना थोडं फरसाण आण. आणि हे तू ऐकलंस एवढं पुरे, डॉक्टरांकडे पाठवू नकोस."